गोठ्यालगतचं शेत आणि नाल्यापलीकडचं शेत

इंदूरहून महूकडे निघालं की वाटेत राऊ लागतं. आग्रा-मुंबई रस्त्यावरचं हे जुनं गाव आता इंदूर शहराला जवळजवळ चिकटलं आहे. टेकडीवर आयआयएम, खाली नव्या वसाहतींचे फलक, आणि या दोहोंच्या मधल्या काळ्या जमिनीत अजूनही सोयाबीन, गहू, बटाटा, कांदा, लसूण पिकतो. शहर पसरत गेलं तसे आतले तबेले बाहेर सरकले. त्यामुळे अशा शहरालगतच्या पट्ट्यात ठरलेलं चित्र दिसतं: पत्र्याच्या शेडखाली म्हशींची रांग, शेडमागे शेणाचा ढीग, ढिगाला लागून एक शेत आणि शेताच्या उताराला नाला.

या शेताला आपण गोठ्यालगतचं शेत म्हणू. नाला ओलांडून अर्धा-एक किलोमीटर गेलं की दुसरं शेत. माती तीच, पाऊस तोच, बऱ्याचदा मालकही तोच. पहिल्या शेतात वर्षानुवर्षं शेण पडत आलेलं असतं, कारण ते जवळ आहे आणि रोजचं शेण रोज कुठेतरी टाकावंच लागतं. दुसऱ्या शेतात ट्रॉली न्यायची तर डिझेल, माणूस आणि दिवस मोडतो. तिथे डीएपीची गोणी जाते. पहिल्या शेतात स्फुरद (फॉस्फरस) मावत नाही आणि दुसऱ्या शेतासाठी तोच स्फुरद आपण परदेशातून विकत आणतो. या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे की शेणखतातल्या स्फुरदाचं प्रदूषण हा मुळात वाटपाचा आणि हिशोबाचा प्रश्न आहे. तो गावात, ट्रॉलीच्या फेऱ्यांनी आणि माती परीक्षणाच्या कागदाने सुटू शकतो.

आधी हा स्फुरद इतर अन्नद्रव्यांपेक्षा वेगळा का वागतो ते पाहू. शेणमूत्रातला नत्र उडून जातो. उकिरड्याजवळ डोळे चुरचुरतात तो अमोनिया म्हणजे हवेत निघालेला नत्रच. पालाश पाण्यात सहज विरघळून वाहतो. स्फुरदाला हवेत जायची वाटच नाही. जिथे पडला तिथेच राहतो आणि हलला तर पाण्याबरोबर किंवा वाहत्या मातीबरोबर हलतो. दुसरं असं की गाईम्हशींच्या मूत्रात स्फुरद अगदी नाममात्र असतो. जवळजवळ सगळा शेणातून बाहेर पडतो. माणसाचं तसं नाही. १६६९ साली हांबुर्गच्या हेनिग ब्रांडने पहिल्यांदा फॉस्फरस वेगळा काढला तो माणसाचं मूत्र आटवून. गोठ्याच्या बाबतीत मात्र गोमूत्र धरलं तर नत्र आणि पालाश हाती लागतो, स्फुरद शेणात शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती आकड्यांत सांगितल्याशिवाय पटत नाही. पिकाला पोटभर स्फुरद मिळायचा तर मुळांभोवतीच्या पाण्यात लिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅम एवढा विरघळलेला असावा लागतो. तलावात याच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे लिटरला ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅमने, शेवाळ फोफावायला लागतं. ज्या पाण्यावर गहू उपाशी राहील त्याच पाण्यावर तलाव हिरवा होतो. हेक्टरी एक किलो शुद्ध स्फुरद नाल्यात गेला तर शेतकऱ्याचं नुकसान किती? पाच किलो डीएपीचं, म्हणजे १३५० रुपयांच्या अनुदानित गोणीच्या भावाने सव्वाशे-दीडशे रुपयांचं. त्याच एका किलोने पाच कोटी लिटर स्वच्छ पाणी शेवाळाच्या उंबरठ्यावर येतं. शेतकऱ्याच्या वहीत जे नुकसान दिसतच नाही ते तलावाच्या दृष्टीने भयंकर असतं. म्हणूनच हे प्रदूषण इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्फुरदाचा हा परिणाम डोळ्यांना स्पष्ट दिसला तो कॅनडात. ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तलावाचा चिंचोळा भाग प्लास्टिकच्या पडद्याने अडवला. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातला, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून काढलेलं त्या तलावाचं छायाचित्र पाहून शेवाळ कशाने वाढतं यावरचे मोठमोठे वाद थांबले.

राऊचं पाणी उत्तरेला जातं. थोडं दक्षिणेला, महूच्या पुढे, घाट उतरला की पाणी नर्मदेचं. इकडचं पाणी कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना असं करत गंगेला मिळतं. पश्चिमेच्या अंगाने गंभीर नदी येते आणि तिच्यावर होळकरांनी बांधलेला यशवंत सागर आहे. यशवंत सागर आणि इंदूरच्या धार रस्त्यावरचा सिरपूर तलाव, दोन्ही २०२२ साली रामसर यादीत आले. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. कान्ह नदीतल्या घाणीचं खापर गोठ्यांवर फोडणं अन्यायाचं ठरेल. त्या नदीत शहराचं सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या गेलं आहे. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी पाइपातून वळवून उज्जैनच्या घाटांपासून दूर न्यावं लागलं, ते यामुळेच. पण सांडपाण्याला शुद्धीकरण केंद्र बांधता येतं. शेतातून वाहणाऱ्या पाण्याला पाइप नसतो, मीटर नसतं. शहर आपलं सांडपाणी जितकं आवरेल तितका शेताचा वाटा ठळक होत जाईल. पंचगंगेत दर वर्षी साचणारी जलपर्णी पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको: पाण्यावर पसरलेला तो हिरवा गालिचा वरच्या खोऱ्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेला असतो.

आता राऊच्या मातीकडे येऊ. माळव्याची काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. बाहेरून घातलेला स्फुरद इथे चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला थोडाच मिळतो. यामुळे शेतकरी पिकाच्या गरजेपेक्षा जास्त घालत जातो, आणि शिफारशीही त्याच हिशोबाने केलेल्या असतात. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो, बागायती गव्हालाही ६० किलो. (इथले आकडे गोणीवर छापतात त्या हिशोबाचे, म्हणजे स्फुरद पेंटॉक्साइडचे आहेत, शुद्ध स्फुरद त्याच्या ४४ टक्के.) आता पीक घरी आलं की त्यातून किती स्फुरद बाहेर जातो ते मांडू. एक टन सोयाबीनच्या दाण्यात साधारण १४ किलो. चार टन गव्हाच्या दाण्यात साधारण ३२ किलो. सोयाबीन टन-सव्वा टन आलं आणि गहू चार टन, तर वर्षाला ५० किलोच्या आसपास बाहेर गेला आणि १२० किलो आत आला. यात शेणखत अजून धरलेलंच नाही.

नाल्यापलीकडच्या शेतात हा फरक बराचसा माती गिळते. तिथे परीक्षण केलं तर स्फुरद मध्यम, कधी कमीही निघतो, आणि तिथे खत घालणं योग्यच आहे. गोठ्यालगतच्या शेतात मात्र याच हिशोबावर शेण चढतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याहून थोडा कमी स्फुरद, अर्धा टक्का पालाश असतो. शेतकरी शेणखत टाकतो ते पीक हिरवंगार दिसावं म्हणून. हिरवेपणा नत्राचा. शेणखतातल्या नत्रापैकी पहिल्या हंगामात फार तर तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. गव्हाची १२० किलो नत्राची भूक निव्वळ शेणखतावर भागवायची तर हेक्टरी सत्तर टन टाकावं लागेल, आणि त्याबरोबर दीडशे किलो स्फुरद आपोआप पडेल. पिकाला त्यातला पाचवा हिस्सा हवा असतो. शिवाय शेणखतातली सेंद्रिय आम्लं चुन्याची पकड सैल करतात, त्यामुळे हा स्फुरद डीएपीच्या स्फुरदापेक्षा जास्त काळ सुटा राहतो. पिकासाठी हा शेणखताचा मोठा गुण आहे. गरजेपेक्षा तिप्पट-चौपट साठा झाला की पहिल्या पावसात तोच गुण नाल्याच्या वाट्याला येतो.

एका म्हशीचा हिशोब करून पाहू. दुभती म्हैस दिवसाला वीसेक किलो शेण टाकते. ओल्या शेणात स्फुरद साधारण ०.१८ टक्के धरला तर दिवसाला ३६ ग्रॅम, वर्षाला १३ किलो. पन्नास म्हशींच्या तबेल्यातून वर्षाला ६५० किलो स्फुरद बाहेर पडतो. म्हणजे २८ गोणी डीएपी. वर्षाला हेक्टरी ५० किलो उचल धरली तर एवढा स्फुरद रिचवायला १३ हेक्टर, म्हणजे बत्तीस एकर, जमीन हवी. तबेलेवाल्याकडे असते चार-पाच एकर. कधी तीही नसते.

एवढा स्फुरद तबेल्यात आला कुठून? चार-पाच एकरांच्या शेतातून तर नाही. तो आला पेंडीतून आणि चोकरातून. गव्हाच्या चोकरात टक्काभर शुद्ध स्फुरद असतो. सरकीची पेंड, सोयाबीनची डीओसीही त्यात श्रीमंत. इंदूर हे सोयाबीन उद्योगाचं केंद्र. तेल काढल्यावर उरलेली डीओसी इथून कोंबडीखाद्यात आणि पशुखाद्यात जाते. त्या सोयाबीनला घातलेल्या खताचं मूळ परदेशातल्या खडकात: जगातल्या स्फुरद खडकाच्या साठ्यापैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे. बाहेरचा खडक खत होऊन माळव्याच्या शेतात येतो, सोयाबीनच्या दाण्यात चढतो, डीओसीत उतरतो, जनावराच्या पोटातून जातो आणि शेवटी एखाद्या शेडच्या मागे साचतो. शेत मोठ्या भागात पसरलेलं, गोठा एका जागी. साखळीच्या शेवटच्या कडीत सगळं एकवटतं.

कोंबड्यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. धान्यात आणि पेंडीत स्फुरदाचा दोन-तृतीयांश भाग फायटेट रूपात बांधलेला असतो. गाईम्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू तो सोडवतात. कोंबडीला ते जमत नाही. म्हणून खाद्यात वरून डायकॅल्शियम फॉस्फेट घालतात आणि बांधलेला स्फुरद विष्ठेतून तसाच बाहेर पडतो. कोंबडीखतात अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शेणखताच्या दहापट, स्फुरद निघतो तो यामुळे. खाद्यात फायटेज नावाचं विकर मिसळलं की कोंबडीला तो बांधलेला स्फुरद वापरता येतो, वरचा डोस कमी करता येतो आणि विष्ठेतला स्फुरद पाव ते तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. पोल्ट्री उद्योगाने हे पैसे वाचतात म्हणून स्वीकारलं. पाण्याचा फायदा आपसूक झाला, आणि माझ्या मते अशा उपायांवर आधी भर द्यावा.

म्हशींना फायटेजची गरज नाही, पण खाद्याचा हिशोब त्यांच्याही बाबतीत लागू आहे. दुभत्या जनावराला कोरड्या आहाराच्या ०.३५ टक्क्यांच्या आसपास स्फुरद पुरतो. चोकर आणि पेंड भरपूर असलेल्या आहारात तेवढा आधीच असतो. त्यावर स्फुरदयुक्त खनिज मिश्रणाचा सढळ हात फिरला तर दूध वाढत नाही. जास्तीचा सगळा शेणात उतरतो, आणि तोही पाण्यात चटकन विरघळणाऱ्या रूपात. इथे घाईने सरसकट सल्ला देणं घातक ठरेल. गावातली, निव्वळ भुसा-कडब्यावर जगणारी गाय याच्या उलट टोकाला असते. तिला स्फुरद कमी पडतो, म्हणून ती चपला, हाडं, चिंध्या चघळते. व्यालेल्या म्हशीला याच उणिवेने लाल मूत्राचा आजार होतो. तिला खनिज मिश्रण हवंच. तबेल्यातल्या आणि दारच्या जनावराला एकच सल्ला देता येत नाही, आणि खतालाही तेच लागू होतं: भुश्यावरच्या गाईचं शेण स्फुरदाने गरीब, चोकरावरच्या म्हशीचं श्रीमंत.

शेणाच्या हिशोबाचं मोठं काम इंदूरातच झालं आहे, आणि त्यात एका मराठी नावाचा वाटा आहे. १९२४ साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. आजचं इंदूरचं कृषी महाविद्यालय तेच. तिथे हॉवर्ड आणि रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिचं इंग्रजी पुस्तक निघालं. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही खतनिर्मिती पाहिली. पुढे जगाने हॉवर्डना सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष ठरवलं. वाडांचं नाव मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरतं राहिलं. मला याची खंत वाटते, कारण ती पद्धत मुळात रसायनाच्या काटेकोर हिशोबावर उभी होती.

पद्धत अशी. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, उथळ खड्डे. त्यात शेतातला काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर. ठरावीक दिवसांनी तीनदा वरखाली करायचं. तीन महिन्यांत खत तयार. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरून ठेवायची ती मूत्र धरण्यासाठी. वर म्हटल्याप्रमाणे नत्र आणि पालाश तिथे असतो, आणि आपल्याकडचे गोठे तो सर्रास वाया घालवतात. या पद्धतीतला जो तपशील आपल्या प्रश्नाला भिडतो तो पावसाळ्याचा. पावसाळ्यात खड्ड्यात काम करायचं नाही, जमिनीच्या वर ढीग रचायचा, असं त्यांनी बजावलं होतं. खड्ड्यात पाणी साचलं की हवा बंद होते आणि कुजणं बिघडतं, हे त्यांचं कारण. आज त्यात दुसरं कारण मिळवायला हवं: भरून वाहणाऱ्या खड्ड्यातून स्फुरद निघून जातो.

कंपोस्टबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. कुजताना कार्बन हवेत जातो, ढीग अर्धा होतो, उघड्या उकिरड्यात नत्रही बराच उडतो. स्फुरद जेवढ्यास तेवढा राहतो. त्यामुळे तयार खतात किलोमागे स्फुरद वाढलेला आणि नत्राच्या तुलनेत तर फारच वाढलेला असतो. 'कुजवलं की निर्धोक झालं' हे वास, तणाचं बी आणि रोगजंतूंपुरतं खरं, स्फुरदापुरतं नाही. गोबरगॅसचंही तेच. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला इंदूरचा बायो-सीएनजी प्रकल्प दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा उभारला गेला. गॅस म्हणून बाहेर जातो तो कार्बन. स्फुरद सगळा उरलेल्या खतात. आणि चुलीचंही तेच. माळव्यात बाफले अजून गोवऱ्यांच्या आरात भाजतात. गोवरी जळली की नत्र संपला, पण स्फुरद राखेत बसलेला असतो. ती राख नाल्याकाठी फेकली तर खत नाल्याला घातल्यासारखंच आहे. नाल्यापलीकडच्या शेतात टाकली तर पिकाला.

आता पावसाकडे वळू, कारण स्फुरद हलतो तो पावसाने. इंदूरला वर्षाला नऊशे-साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पहिल्या सरी या भेगा पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जायचं जवळपास थांबतं. जुलैच्या एखाद्या जोरदार पावसात गोठ्यालगतच्या शेतातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं. त्यात बारीक चिकणमाती आणि तिला चिकटलेला स्फुरद. शेडमागच्या ढिगातून वेगळीच धार येते: काळपट, फेसाळ, गाळ नसलेली. तिच्यात स्फुरद विरघळलेला असतो, आणि शेवाळाला तो लगेच वापरता येतो. म्हणून या दोन धारांना दोन वेगळे उपाय लागतात.

गढूळ धारेला थांबवायचं ते मातीला थांबवून. उताराला आडवी पेरणी, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर, नाल्याच्या काठाला चार-पाच मीटर गवताचा पट्टा. मारवेल किंवा खस चालतं. मारवेल गुरांना कापूनही घालता येतं. माळव्यात सोयाबीन येण्याआधी काळी जमीन पावसाळाभर पडीक ठेवून रब्बीला गहू घ्यायची रीत होती. उघड्या जमिनीवर चार महिने पाऊस कोसळायचा. सोयाबीनने निदान ती जमीन झाकली.

काळ्या धारेवर गवताचा पट्टा फारसा चालत नाही. तिला उगमापाशीच अडवावं लागतं. ढिगावर पत्रा किंवा ताडपत्री, ढिगाखाली पक्की फरशी, भोवती वीतभर बांध, शेडच्या छपराचं पाणी ढिगावर न पडू देणारी पन्हळ. खर्च थोडा, फायदा मोठा. मग टाकण्याची वेळ. बरेच जण उन्हाळ्यात शेणखताचे छोटे ढीग शेतभर मांडून ठेवतात आणि पेरणीपूर्वी पसरतात. त्या ढिगांतला नत्र उन्हात उडतो आणि वळवाचा एक सपाटा आला की ढिगाखालचा स्फुरद वाहतो. ज्या दिवशी ट्रॉली रिकामी केली त्या दिवशी पसरून वखर घातली तर दोन्ही वाचतात. भर पावसाळ्यात शेणाच्या गाड्या शेतात ओतणं हे तबेलेवाल्याची अडचण समजूनही मला चूकच म्हणावं लागतं. त्या चार महिन्यांचं शेण साठवायची जागा तबेल्याच्या खर्चात धरली पाहिजे.

मातीला थांबवण्यात एक पेच आहे, तो अमेरिकेत दिसला. ईरी सरोवराच्या खोऱ्यात धूप थांबवायला नांगरट बंद केली. माती थांबली, पण खत वरच्यावर राहिलं आणि विरघळलेला स्फुरद वाढला. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर आणि आसपासच्या जवळजवळ पाच लाख लोकांना सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. माती थांबवली म्हणजे स्फुरद थांबला असं नसतं. अमेरिकेत 'फॉस्फरस निर्देशांक' वापरतात तो यासाठी: मातीत स्फुरद किती, उतार किती, नाला किती जवळ, खत कधी आणि कसं टाकलं, यावरून प्रत्येक शेताला गुण देतात. स्फुरद भरपूर आणि वाहायची वाटही जवळ, अशी शेतं खोऱ्यात थोडी असतात आणि बहुतेक नुकसान तीच करतात. राऊसारख्या ठिकाणी ती शोधायला उपग्रह नको. शेडमागून नाल्यापर्यंत पावसात एकदा चालत गेलं की दिसतात.

मोजायची सोय आपल्याकडे आहे. अल्कधर्मी जमिनीसाठी ओल्सन यांची १९५४ सालची पद्धत प्रयोगशाळांत वापरतात. अडीच ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण, अर्धा तास हलवायचं, गाळायचं, रसायन घालायचं. निळा रंग चढतो. जेवढा गडद तेवढा उपलब्ध स्फुरद जास्त. शुद्ध स्फुरदाच्या हिशोबात हेक्टरी १० किलोच्या खाली कमी, २५ च्या वर जास्त. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर हा आकडा असतो. पण दोन उणिवा आहेत. पत्रिका पिकाच्या गरजेसाठी बनवली आहे, तिच्यात 'जास्त' च्या पुढे पायरी नाही. २६ आणि १५० दोन्ही 'जास्त', आणि शेतकरी 'जास्त' वाचून खूश होतो. दुसरी अधिक गंभीर: नमुना घेण्याच्या सूचनांत उकिरड्याजवळची, गोठ्याजवळची माती घेऊ नका असं सांगितलेलं असतं. सरासरी बिघडू नये म्हणून ते बरोबर आहे, पण त्यामुळे जिथे स्फुरद साचला आहे नेमकी तीच जागा परीक्षणाबाहेर राहते. गोठ्यालगतच्या शेताचा वेगळा नमुना, वेगळी पिशवी, वेगळं नाव, असं करायला काहीच अडचण नाही, आणि एवढ्या एका बदलाने शेतकऱ्याचे डीएपीचे पैसे त्याच वर्षी वाचतील.

आकडा हातात आला की पुढची पायरी वजाबाकीची. दहा टन शेणखत म्हणजे वीस-पंचवीस किलो स्फुरद. तेवढा गोणीतून कमी करायचा. पत्रिका 'जास्त' म्हणत असेल तर त्या शेतात डीएपी आणि सुपर फॉस्फेट दोन्ही बंद. सोयाबीनला गंधक लागतं आणि ते सुपरमधून मिळायचं, तेव्हा ते जिप्समने द्यायचं. शेणही बंद, आणि ते जाणार नाल्यापलीकडे.

इथेच सगळं अडतं. ओल्या शेणात ऐंशी टक्के पाणी. एक टन शेण नेणं म्हणजे आठशे किलो पाणी आणि दोन किलोहूनही कमी स्फुरद नेणं. नेदरलँड्समध्ये जनावरं इतकी झाली की २०१८ पासून प्रत्येक डेअरीला स्फुरदाचे हक्क ठरवून दिले. हक्क नसेल तर गाय वाढवता येत नाही. तिथले शेतकरी शेण घेऊन जाण्यासाठी पैसे देतात. आपल्याकडे उलट आहे: शेणखताला भाव आहे, मागणी आहे, आणि हीच आपली मोठी जमेची बाजू. फक्त ओलं शेण न नेता कुजवलेलं न्यायचं. कुजून आणि सुकून वजन तिसऱ्या हिश्श्यावर आलं की त्याच ट्रॉलीत तिप्पट स्फुरद बसतो आणि दहा किलोमीटरची फेरी परवडू लागते. हॉवर्ड-वाडांच्या पद्धतीचा आजचा उपयोग मला यात दिसतो. तबेला आणि आसपासची कोरडवाहू गावं यांच्यात भुश्याच्या बदल्यात खत असा वार्षिक करार झाला तर परतीची ट्रॉलीही रिकामी येत नाही.

उरतं ते गोठ्यालगतचं शेत. तिथे साठलेला स्फुरद आज शेण थांबवलं म्हणून उद्या कमी होत नाही. दरवर्षी थोडा थोडा सुटत दहा-पंधरा वर्षंही चालतो. गहू-सोयाबीन वर्षाला ५० किलो उचलतात. संकरित नेपियर मात्र पाणी असेल तर वर्षाला हेक्टरी दीडशे टनांवर हिरवा चारा देतं आणि त्यातून स्फुरदाची उचल दीडशे किलोपर्यंत जाते. हा चारा त्याच गोठ्यात जातो आणि शेण होऊन परत येतो, मग फायदा काय, असा प्रश्न रास्त आहे. फायदा असा की जेवढा चारा घरचा, तेवढं चोकर आणि पेंड बाहेरून कमी येते. दर वर्षी बाहेरून येणारी नवी भर आटते आणि साठा फिरता राहतो. शिवाय त्या शेणाची ट्रॉली नाल्यापलीकडे गेली तर नेपियरने उपसलेला जुना स्फुरदही तिच्याबरोबर निघतो. दर तीन वर्षांनी त्याच जागेचा नमुना त्याच प्रयोगशाळेत द्यायचा आणि निळा रंग फिका होतो आहे का ते पाहायचं.